आइस्क्रीम लिटरवर घ्यायचं, वाढायचं ग्रॅमवर: हिशेब कसा बसवायचा

दूध लिटरवर येतं, खवा आणि साखर किलोवर येतात, आणि त्यातून झालेलं आइस्क्रीम पुन्हा लिटरच्या टबात भरून विकलं जातं. केटरर मात्र ताटामागे ग्रॅम धरतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कार्यालयातलं लग्न असो, जत्रेतला पॉट आइस्क्रीमचा गाडा असो की घरचा वाढदिवस, घोळ होतो तो एकाच ठिकाणी. कुणीतरी १ लिटर म्हणजे १ किलो धरून मोकळा होतो. दुधाला ते जवळपास चालतं, कारण १ लिटर दूध साधारण १.०३ किलो भरतं. आइस्क्रीमला अजिबात चालत नाही. बाजारातल्या साध्या टबात जवळजवळ निम्मी जागा हवेची असते.

त्यामुळे सगळ्या आइस्क्रीमला लागू पडेल असा एक आकडा नाही. समोर जे आइस्क्रीम आहे त्याचं लिटरमागे वजन किती, एवढं काढायचं. ते एकदा कळलं की पुढे फक्त गुणाकार-भागाकार उरतो:

वजन (ग्रॅम) = लिटर × लिटरमागे ग्रॅम
आकारमान (लिटर) = वजन (ग्रॅम) ÷ लिटरमागे ग्रॅम

टबावर लिटर आणि ग्रॅम दोन्ही छापलेले असतील तर निम्मं काम झालंच. छापील ग्रॅमला छापील लिटरने भागा. ७०० मिलीच्या डब्यावर ३८५ ग्रॅम असेल तर ३८५ ÷ ०.७ = ५५०, म्हणजे लिटरमागे ५५० ग्रॅम.

हवा किती भरली आहे

आइस्क्रीमचं मिक्स (दूध, साय किंवा क्रीम, साखर, दूध पावडर आणि बर्फाचे खडे होऊ न देणारं स्टॅबिलायझर) गोठवायच्या आधी पाण्यापेक्षा थोडं जड असतं. १०% फॅट आणि एकूण ३६% घन पदार्थ असलेलं मिक्स लिटरला साधारण १०९० ते ११०० ग्रॅम भरतं. मशीनमध्ये घुसळताना त्यात हवा जाते आणि आकारमान वाढतं. धंद्यात या वाढीला ओव्हररन म्हणतात. १ लिटर मिक्सचं २ लिटर आइस्क्रीम झालं तर ओव्हररन १००%. वजन तेवढंच राहिलं, जागा दुप्पट झाली, म्हणून लिटरमागे वजन निम्मं म्हणजे सुमारे ५५० ग्रॅम.

लिटरमागे ग्रॅम = मिक्सचं लिटरमागे वजन ÷ (१ + ओव्हररन ÷ १००)

ओव्हररन ३०% असेल तर १०९५ ÷ १.३ = ८४२ ग्रॅम. ६०% असेल तर ६८४. उलट बाजूने ओव्हररन काढायचा असेल तर एकाच भांड्यात आधी मिक्स भरून तोला, मग त्याच भांड्यात तयार आइस्क्रीम भरून तोला. दोन वजनांतला फरक आइस्क्रीमच्या वजनाने भागा आणि १०० ने गुणा. मिक्स २७४ ग्रॅम, आइस्क्रीम १६० ग्रॅम, तर (२७४ − १६०) ÷ १६० × १०० = ७१%. इथे मिक्सच्या वजनाने भागायची चूक फार जण करतात आणि ४२% काढून बसतात.

हवा भरायला कायद्याने मर्यादा आहे. एफएसएसएआय या केंद्रीय अन्न सुरक्षा संस्थेच्या मानकांप्रमाणे 'आइस्क्रीम' लिटरला किमान ५२५ ग्रॅम भरलं पाहिजे, 'मीडियम फॅट' आणि 'लो फॅट' प्रकार किमान ४७५ ग्रॅम. वनस्पती तेलाचं 'फ्रोझन डेझर्ट' वेगळा पदार्थ आहे, पण त्यालाही अशीच किमान वजनाची अट आहे. म्हणजे १ लिटरचा टब आइस्क्रीमचा असेल आणि आतला ऐवज ५२५ पेक्षा कमी भरत असेल, तर तक्रारीला जागा आहे. त्याआधी टब पूर्ण भरलेला होता ना आणि काटा बरोबर आहे ना, हे मात्र पाहून घ्या.

अंदाजासाठी धरायचे आकडे, लिटरमागे ग्रॅममध्ये:

- नेहमीचा फॅमिली पॅक, पार्टी पॅक: ५२५ ते ६००
- सॉफ्टी: ६८० ते ८५०
- महागडं, घट्ट आइस्क्रीम: ७०० ते ८५०
- जेलाटो: ७५० ते ९००
- पॉटमध्ये हाताने फिरवलेलं: ८०० ते ९००
- आटीव दुधाची, न फेटलेली कुल्फी: १००० च्या आसपास

घरी व्हिपिंग क्रीम फेटून, मशीनशिवाय केलेलं आइस्क्रीम या यादीत मुद्दाम घातलेलं नाही. क्रीम किती फुगवलं यावर ते ५०० ला येईल किंवा ८०० ला. ते मोजायलाच हवं.

स्वतः मोजायचं कसं

ताजं, मशीनमधून नुकतंच निघालेलं मऊ आइस्क्रीम असेल तर काम सोपं आहे. सपाट काठाची स्टीलची वाटी किंवा छोटा डबा घ्या, २०० ते ५०० मिलीचा. रिकामा तोला. मग काठोकाठ पाणी भरून पुन्हा तोला. फरकाइतके मिली त्याचं माप: १ ग्रॅम पाणी म्हणजे १ मिली, उन्हाळ्यातल्या कोमट पाण्याने एका टक्क्याचाही फरक पडत नाही. डब्यावर छापलेल्या मापावर जाऊ नका, ते बऱ्याचदा काठाच्या खालपर्यंतचं असतं. डबा पुसून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर भिंतीला लागलेलं आइस्क्रीम वितळून खाली बसतं. मग चमच्याने भरा, कोपऱ्यांत पोकळी राहणार नाही इतपतच दाबा, सुरीच्या पाठीने काठाला समतल करा आणि लगेच तोला. डबा २५० मिलीचा, आतलं आइस्क्रीम २०६ ग्रॅम, तर २०६ × ४ = ८२४ ग्रॅम लिटरमागे.

कडक झालेलं आइस्क्रीम या रीतीने मोजता येत नाही. खरवडून भरलं तर मध्ये पोकळ्या राहतात आणि आकडा कमी येतो. मऊ करून दाबलं तर हवा निघून जाते आणि आकडा जास्त येतो. त्यासाठी पाण्याची रीत वापरा. हीच रीत कुल्फीला आणि काजू-बदाम घातलेल्या आइस्क्रीमलाही बरोबर बसते.

१. आइस्क्रीमचा १०० ते १५० ग्रॅमचा एकसंध तुकडा सुरीने कापा. गरम सुरी वापरू नका. तुकडा तोला.
२. तो पातळ क्लिंग फिल्ममध्ये घट्ट गुंडाळा, आत हवेचा फुगा राहू देऊ नका. लगेच १० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा.
३. रुंद तोंडाच्या भांड्यात बर्फाचं गार पाणी घ्या. बर्फाचे खडे काढून टाका. भांडं काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा.
४. तुकडा पाण्यात सोडा. आइस्क्रीम तरंगेल; कुल्फी किंवा कुंद्यासारखा जड तुकडा बुडत असेल तर दोऱ्याला बांधून पाण्यात अधांतरी धरा. लांब सुई किंवा पातळ लोखंडी सळीने तो नेमका पाण्याखाली जाईल एवढाच दाबा. तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका.
५. त्या क्षणी काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके मिली तुकड्याचं आकारमान.

तुकडा ११२ ग्रॅमचा, दाबल्यावर काट्यावर १९८. मग ११२ ÷ १९८ = ०.५६६, म्हणजे लिटरमागे ५६६ ग्रॅम. तुकडा भांड्याला टेकला की आकडा लगेच उड्या मारतो, त्यावरून चूक कळते. तीन तुकड्यांची सरासरी घ्या. टबाच्या वरच्या आणि खालच्या थरात फरक असतो, विशेषतः एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या टबात.

वीटेसारखा ठोकळा मिळाला तर पट्टीनेही भागतं: लांबी × रुंदी × उंची सेंटीमीटरमध्ये, उत्तर मिलीमध्ये.

मिक्स करतानाच किती टब निघतील ते काढणं

इथे मापं जास्त गोंधळतात, कारण कृती कपांत आणि सामान किलोत. साधारण धरायचं ते असं, १०० मिलीमागे: दूध १०३ ग्रॅम, २५% फॅटचं क्रीम १०० ग्रॅम (फरक नगण्य), हापूसचा रस १०५ ग्रॅम, साखर ८५ ग्रॅम, कंडेन्स्ड मिल्क १३० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज १४० ग्रॅम. दूध पावडर आणि कोको कपाने मोजूच नका. चाळलेली, दाबलेली, दमट, प्रत्येक वेळी वजन बदलतं. स्टॅबिलायझर तर मिक्सच्या अर्ध्या टक्क्याच्या आत असतं, त्याला ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा लागतो. चमच्याने घातलं की एकदा चिकट, एकदा बर्फाळ.

कपही एकसारखे नाहीत, २४० मिलीचा आणि २५० मिलीचा दोन्ही दुकानात मिळतात.

एक घाणा घेऊ. फुल क्रीम दूध (६% फॅट, ९% इतर घन) १ लिटर = १०३० ग्रॅम, २५% फॅटचं क्रीम ५०० ग्रॅम, साखर २७० ग्रॅम, स्किम्ड दूध पावडर ७० ग्रॅम, स्टॅबिलायझर-इमल्सिफायर ८ ग्रॅम. एकूण १८७८ ग्रॅम.

यात फॅट सुमारे १८७ ग्रॅम, म्हणजे जवळपास १०%. घन पदार्थ मिळून ३५% आणि पाणी ६५%. मिक्सचं लिटरमागे वजन घटकांवरूनही काढता येतं. १ ग्रॅम फॅट १.०७५ मिली जागा घेतं, १ ग्रॅम इतर घन ०.६३३ मिली आणि १ ग्रॅम पाणी १ मिली. १०० ग्रॅम मिक्सला (१० × १.०७५) + (२५ × ०.६३३) + ६५ = ९१.६ मिली. १०० ÷ ९१.६ = १.०९२. म्हणजे लिटरला १०९२ ग्रॅम, आणि आपला घाणा १८७८ ÷ १०९२ = १.७२ लिटर.

हा घाणा पॉटमध्ये ३०% ओव्हररनने फिरवला तर १.७२ × १.३ = २.२४ लिटर. मशीनमध्ये १००% ने काढला तर ३.४४ लिटर. वजन दोन्हीकडे १८७८ ग्रॅमच. प्रत्यक्षात पातेल्याला चिकटलेलं, उकळताना आटलेलं आणि पॉटच्या पात्याला राहिलेलं वजा जातं. म्हणून मिक्स गार झाल्यावर पुन्हा एकदा तोलून तोच आकडा पुढे धरा. गरम मिक्स लिटरमध्ये मोजू नका, वर फेस असतो आणि उष्णतेने ते फुगलेलंही असतं.

पॉट किती भरायचा हेही याच हिशेबात येतं. ५ लिटरच्या पॉटमध्ये ५ लिटर मिक्स ओतलं तर फुगायला जागाच नाही, झाकणाखालून वर येतं आणि पॉटभोवतीच्या बर्फाचं मिठाचं पाणी आत जायची भीती. दोन-तृतीयांश भरा. सव्वातीन लिटर मिक्सचं ३०% ने सव्वाचार लिटर होतं, आरामात मावतं.

कुल्फीचं गणित उलट. तिच्यात हवा भरत नाही, पण पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९% फुगतं. मिक्समधलं सगळं पाणी गोठत नाही, त्यामुळे कुल्फी एकूण ४ ते ५% वाढते. ६० मिलीच्या साच्यात ५७ मिलीच ओता. काठोकाठ भरलेल्या साच्यांची झाकणं रात्रीत वर येतात.

कुंदा, काजू, फळं घातल्यावर

बेळगावचा कुंदा (आटवलेल्या दुधाची मिठाई) घातलेलं आइस्क्रीम आता बऱ्याच ठिकाणी दिसतं. कुंदा, काजूचे तुकडे, करदंटाचा (डिंक-सुकामेव्याच्या मिठाईचा) चुरा यांत हवा नसते. म्हणून लिटरमागे वजन वाढतं आणि ५५० चा आकडा लावला तर हिशेब तुटतो. समजा १ लिटर व्हॅनिला ५५० ग्रॅम. त्यात १५० ग्रॅम कुंदा मिसळला आणि त्या कुंद्याने १२५ मिली जागा घेतली. आता ७०० ग्रॅम १.१२५ लिटरमध्ये आहे: ६२२ ग्रॅम लिटरमागे. तुमच्या कुंद्याने किती जागा घेतली ते वरच्या पाण्याच्या रीतीनेच मोजा, कारण आटवण्यावर ते बदलतं. शिवाय मिसळताना चमच्याने फार घोळलं तर मूळची हवा निघते आणि १.१२५ लिटर अपेक्षित असताना १ लिटरच हाती लागतं. भर मशीनमधून निघताना, आइस्क्रीम मऊ असतानाच घाला.

सीताफळाच्या किंवा आंब्याच्या रसाचं वेगळं. तो मिक्सच्याच वजनात धरायचा, वरून नव्हे.

५०० पानांचं लग्न

कार्यालयात ५०० पानं, प्रत्येकाला एक स्कूप. स्कूपवर लिहिलेल्या मिलीवर विश्वास ठेवून चालत नाही. खरडून काढताना आइस्क्रीम दाबलं जातं, वर थोडी शीग राहते, वाढणाऱ्याचा हात सैल असेल तर आणखी. ६० मिलीच्या स्कूपमध्ये ५५० चं (लिटरमागे ५५० ग्रॅमचं) आइस्क्रीम कागदावर ३३ ग्रॅम बसतं, प्रत्यक्षात ४५ पर्यंत सहज जातं. त्यामुळे आदल्या दिवशी त्याच स्कूपने, शक्यतो त्याच वाढप्याकडून, दहा स्कूप एका पातेल्यात काढून तोला आणि दहाने भागा.

धरू की ४५ ग्रॅम आले. ५०० × ४५ = २२.५ किलो. वितळणं आणि सांडणं ५% धरून २३.६ किलो. टब ५५० चा असेल तर २३,६०० ÷ ५५० = ४३ लिटर, म्हणजे ४ लिटरचे ११ टब.

आता चुकीचे दोन हिशेब बघा. किलो म्हणजे लिटर धरणारा २३.६ लिटर, म्हणजे ६ टब मागवेल. त्यात १३.२ किलो आइस्क्रीम आहे, ते २९३ पानांना पुरतं. स्कूपचे मिली धरणारा ५०० × ६० = ३० लिटर, म्हणजे ८ टब मागवेल. ते ३९१ व्या पानाला संपतं. शेवटच्या पंगतीला बहुधा घरचीच माणसं असतात.

पॉट आइस्क्रीम असेल तर ८५० चं तेच स्कूप ५५ ग्रॅमच्या आसपास भरेल. ते घट्ट असल्याने कमी दाबलं जातं. ५०० × ५५ = २७.५ किलो, ५% धरून सुमारे २९ किलो, पण आकारमान फक्त ३४ लिटर. पॉटवाल्याशी बोलणी करताना दर किलोवर ठरवा, लिटरवर नव्हे. लिटरवर ठरलं तर जास्त हवा भरणाऱ्याचा फायदा.

लिटर लागतात ते जागेसाठी: डीप फ्रीझरमध्ये किती टब बसतील, १०० मिलीचे किती कप भरतील, गाडीत किती थर्माकोलची खोकी लागतील.

दराची तुलना

एक टब १ लिटर २४० रुपये, वजन ५३० ग्रॅम. दुसरा ५०० मिली २०० रुपये, वजन ४०० ग्रॅम. लिटरवर बघितलं तर २४० विरुद्ध ४००, दुसरा फारच महाग. १०० ग्रॅमवर बघितलं तर ४५ रुपये ३० पैसे विरुद्ध ५० रुपये. फरक पाच रुपयांचाही नाही. पाकिटावरचा पोषणाचा तक्ताही असाच वाचा. एकावर १०० ग्रॅमचे आकडे, दुसऱ्यावर १०० मिलीचे. १०० ग्रॅमला २०० कॅलरी लिहिलेलं ५५० चं आइस्क्रीम असेल, तर त्याचा १०० मिलीचा कप ५५ ग्रॅमचा, म्हणजे ११० कॅलरींचा. मधुमेही माणसाने साखरही अशीच वजनावर काढावी.

माल घेताना दोन्ही बघा

वजन बरोबर आलं म्हणजे माल बरोबर असं नाही. वाटेत गाडीचं कूलिंग बंद पडलं किंवा दुकानात रात्रभर लाईट गेली, तर आइस्क्रीम वितळतं, हवा निघून जाते आणि पुन्हा गोठल्यावर ते खाली बसतं. वजन ग्रॅमभरही कमी होत नाही, टब मात्र काठापासून दोन बोटं रिकामा दिसतो आणि वरचा थर पिवळसर, बर्फाळ असतो. असा माल काट्यावर सापडत नाही, झाकण उघडल्यावरच सापडतो. उलट, वरपर्यंत भरलेला आणि हाताला हलका लागणारा टब काट्यावर घाला.

चोर्ला घाटाने गोव्याकडून वर येणाऱ्या मालात आणखी एक प्रकार होऊ शकतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, वर हवेचा दाब कमी. हवा जास्त भरलेलं, जरासं मऊ पडलेलं आइस्क्रीम चढणीत फुगतं आणि झाकण उचलतं. परत खाली नेलं की कडेने आक्रसतं. झाकण उचललेलं दिसलं तर जास्त माल भरलाय असं समजू नका, टब तोलूनच घ्या. टबाचं रिकामं वजन वजा करायला विसरू नका. ४ लिटरच्या प्लॅस्टिक टबाचं वजन झाकणासकट वेगळं तोलून झाकणावरच मार्करने लिहून ठेवलं की दर वेळी शोधाशोध नको. टबावर बाहेरून साचलेलं दव आणि बर्फही तोलण्याआधी फडक्याने पुसा, दमट दिवसात तेवढ्यानेच काटा काही ग्रॅम पुढे सरकतो.